पाठ केलेला तक्ता

डोळ्यांच्या शिबिरात मी अख्खा तक्ता पाठ म्हणून दाखवला होता. हसू नका. तेव्हा मी पन्नाशीची, आणि त्या पन्नाशीच्या बाईला भाचीच्या लग्नात नाकावर चष्मा नको होता. रांगेतल्या पुढच्या बायका मोठ्याने अक्षरं वाचत होत्या, तेवढ्यात माझं पाठांतर झालं. अडखळलेल्यांना आत डोळ्यांतला दाब मोजायला पाठवत होते. मी धडाधड वाचून मोकळी, वर पोहे खाऊन घरी. केवढी हुशार!

सत्तरी उलटल्यावर मंडईत माणसं बाजूने अचानक अंगावर उगवू लागली. मी त्यांनाच सुनवायची, "बघून चाला!"

शनिवार पेठेतले आमचे जुने डॉक्टर असते, तर चप्पल काढून सरळ आत शिरले असते. तो दवाखाना बंद झाला. आता मोठं हॉस्पिटल आणि नंबर अ‍ॅपवर. ओटीपी जाणार मुलाच्या फोनवर, मुलगा लांब मांजरी गावातल्या ऑफिसात, मीटिंगमध्ये. तो फोन उचलेपर्यंत ओटीपी शिळा.

"आई, अर्जंट आहे का?"

दुखत तर नाही, मग अर्जंट कुठल्या तोंडाने म्हणू? स्वतः जाऊन खिडकीशी उभी राहिले, तर "अ‍ॅपवरूनच घ्या, आजी." स्लॉट मिळेपर्यंत उन्हाळा सरला.

डॉक्टर माझ्या नातीएवढ्या. "ग्लॉकोमा," म्हणाल्या. म्हणजे काचबिंदू. दाबाने डोळ्याची नस हळूहळू मरते, आधी कडेचं दिसणं जातं. "गेलेलं परत येत नाही, आजी. उरलेलं राखायचं." तेव्हा बायांनो, दुखायची वाट बघू नका. हा दुखतच नाही. चाळिशीनंतर दाब मोजून घेत जा.

मग पेरिमेट्री, म्हणजे कडेची नजर मोजणं. एक डोळा झाकून, हनुवटी टेकवून, वाडग्यासारख्या यंत्रात तोंड घालायचं. नजर समोर, मान हलवायची नाही. ठिपका चमकला की बटण दाबायचं. कितीतरी वेळ काही चमकेचना. उठताही येईना. वाटलं, उद्या जग असंच मिटत येणार आणि मी आत एकटी. तेवढ्यात माझ्यातली ती पन्नाशीची बाई जागी झाली आणि अंदाजाने टकाटक बटण दाबत सुटली.

यंत्राने चोरी पकडली. डॉक्टरांनी रिपोर्टवर बोट ठेवलं: ठिपका नसतानाही मी बटण दाबलं होतं. मग मी तक्त्याचंही सांगून टाकलं, आणि स्लॉटपायी उन्हाळा गेल्याचंही. त्या हसल्या नाहीत.

"आजी, इथे पहिला नंबर काढायचा नाहीये. तुम्हाला काय दिसत नाही ते मला कळलं, तरच उरलेलं वाचवता येईल. पुढच्या स्लॉटचं मी बघते. चला, हनुवटी ठेवा."