खोडरबर आणि टायपिंग इन्स्टिट्यूट

आमच्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात वसाहतीतल्या एका मुलाचा संगणक साऱ्यांसमोर मुका राहिला, कारण मी तो मुका केला होता. ही गोष्ट मी गेल्या हिवाळ्यापर्यंत कोणापाशी बोललो नव्हतो. पत्नीपाशी नाही, आणि ज्यांच्यासाठी मी ती केली असे तेव्हा मला वाटत होते, त्या मित्रांपाशीही नाही.

ऐंशीच्या दशकातल्या त्या वर्षांत भिलाईत घरी संगणक असलेली मराठी कुटुंबे फार थोडी होती, आणि तरीही त्यांचे दोन तट पडले होते. माझे यंत्र मामांनी परदेशातून आणलेले, कडक कळांचे. त्याचे काळे, चपटे, रबरी कळांचे. माझे वडील पोलाद कारखान्यात अधिकारी. त्याचे रोलिंग मिलमध्ये कामगार. आम्ही त्याच्या यंत्राला खोडरबर म्हणत असू, तो आमच्या यंत्राला टायपिंग इन्स्टिट्यूट. दोन्ही यंत्रे घरच्या टीव्हीला जोडावी लागत. दोन्हींत वीज गेली की लिहिलेले सारे नाहीसे होई, म्हणून प्रोग्राम साध्या टेपरेकॉर्डरने गाण्याच्या कॅसेटवर भरून ठेवावा लागे. इतके साम्य असूनही एकाची कॅसेट दुसऱ्यावर चालत नसे, आणि याचाच आम्हाला अभिमान होता.

"तुह्या मशीनची कळ दाबली का चिखलात बोट गेल्यासारखं वाटते बे," मी म्हणत असे.

"अन् तुही? दिवसभर खटखट, खटखट. कलेक्टरले अर्ज टाइप करून राहिला काय?"

हे विनोद नव्हते. वाचनालयातल्या मासिकात त्याच्या यंत्राचा एखादा प्रोग्राम छापून आला, की आमच्यापैकी कोणी तरी ते पान फाडून नेई. आम्हाला त्या पानाचा काडीचा उपयोग नसे.

त्या वर्षी मंडळाने ठरवले, की उत्सवातल्या कार्यक्रमांची माहिती टीव्हीच्या पडद्यावर दाखवायची आणि त्यासाठी कोणाचे तरी एकच यंत्र घ्यायचे. पहिल्या संध्याकाळी दोघांनी आपापले यंत्र चालवून दाखवावे, असे ठरले. माझ्या पडद्यावर फक्त इंग्रजी अक्षरे उमटत. त्याने मात्र उन्हाळ्यापासून बसून देवनागरी अक्षरे तयार केली होती. एकेक ठिपका मांडत, काना, मात्रा, जोडाक्षरे, सारे. ते सारे एका कॅसेटवर होते. आदल्या दिवशी त्याने पडद्यावर 'श्री' उमटवून दाखवला, तेव्हा आमच्या गटातलेही दोघे नकळत पुढे सरकले. मला ते सहन झाले नाही.

मला एक युक्ती ठाऊक होती, जी आम्ही दुसऱ्या गटाला कळू दिली नव्हती. माझ्या कॅसेट चालेनाशा झाल्या, तेव्हा दुर्गच्या बाजारातल्या रेडिओ दुरुस्तीवाल्याने रेकॉर्डरच्या फीत वाचणाऱ्या हेडजवळचा बारीक स्क्रू किंचित फिरवून दिला होता. हेड थोडे जरी तिरपे झाले, तरी जुनी कॅसेट यंत्राला वाचता येत नाही. गाणे मात्र ऐकू येत राहते, जरा मंद. कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी तो जेवायला घरी गेला. मंडळाच्या मागच्या खोलीत त्याचा रेकॉर्डर टेबलावर होता. माझ्या खिशात घड्याळजीचा स्क्रूड्रायव्हर होता. मी स्क्रू फिरवला.

संध्याकाळी त्याने कॅसेट लावली. पडद्याच्या कडेला रंगीत पट्टे धावले आणि थांबले. त्याने पुन्हा लावली, आवाज कमी केला, वाढवला. लोक खुर्च्या सरकवू लागले. मागून कोणी तरी ओरडले, "खोडरबरच ते, पुसून टाकलं असंल सगळं!" ते ओरडणारा मीच होतो. माझे यंत्र निवडले गेले.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या क्वार्टरवर गेलो, म्हणायला विचारपूस करायला. तो जमिनीवर यंत्र मांडून बसला होता. त्याने चार ओळींचा नवा प्रोग्राम लिहून दुसऱ्या कॅसेटवर भरला होता, आणि तो नीट चालला होता. तिरप्या हेडने भरलेले तिरपे हेड वाचणारच. हे मला कळत होते, त्याला नाही.

"रेकॉर्डर चांगला हाय, मशीन चांगली हाय," तो म्हणाला. "म्हणजे कॅसेटवरचंच गेलं." मग आईकडे वळून, "तू स्पीकरवर ठेवली होती ना? त्यात चुंबक असते. तूच पुसलं सगळं!"

"मी त फक्त फडकं मारलं रे, बापू," काकू म्हणाल्या.

"कावून हात लावला पण?"

काकूंनी हात पदराला पुसला. त्याने तीच कॅसेट पुन्हा घातली आणि तिच्यावर नवे काही भरायला रेकॉर्डचे बटण दाबले. अक्षरे तेव्हापर्यंत कॅसेटवर शाबूत होती. मी एक शब्द बोललो असतो, तर ती वाचली असती, आणि काकूही. मी चहाचा कप हातात धरून फिती फिरताना पाहत राहिलो. स्क्रू फिरवताना मी चिडलेला होतो; या वेळी अजिबात नव्हतो. म्हणून हा अपराध मला अधिक मोठा वाटतो.

त्याने अक्षरे पुन्हा केली नाहीत. यंत्र जवळच्या कोहक्यातल्या कोणाला तरी दिले.

गेल्या हिवाळ्यात मी दुर्गच्या पद्मनाभपुरातल्या त्याच्या घरी गेलो. त्याने मला 'या साहेब' म्हणून आत घेतले. अधिकाऱ्याचा मुलगा म्हणून तो मला तेव्हाही साहेबच म्हणे; त्या शब्दातली जुनी धार तशीच होती. काकू फार थकल्या आहेत. त्यांनी त्याचा मोबाइल उचलून रेडिओवर ठेवला, तसा तो हसून म्हणाला, "आई, नको ठेवू तिथं. तुह्या हाताची करामत मले माहीत हाय. यालेही माहीत हाय, विचार." काकूंनी मोबाइल चटकन उचलला आणि हात पदराला पुसला. इतक्या वर्षांच्या सवयीने पुसला.

मी उठून त्यांच्यापाशी गेलो. "काकू, त्या कॅसेटले तुम्ही काहीच केलं नव्हतं. याच्या रेकॉर्डरचा स्क्रू मी फिरवला होता. अक्षरं कॅसेटवरच होती, अन् हा तुम्हाले बोलत होता तेव्हा मले ते माहीत होतं. मी चहा पीत गप्प उभा राहिलो. मले माफ करा, काकू."