मासीने वेचलेली फुलं

"जायचं तं जा पोरी, पन जेवून जा." आमच्या माहेरघरातून कोणी बाई गाठोडं बांधून निघाली, की मासी दारात आडवी उभी राहून एवढंच म्हणायची. जेवायला बसलेली बाई मग सहसा जायची नाही.

माहेरघर म्हणजे एटापल्लीकडच्या एका दवाखान्यामागच्या दोन खोल्या. जंगलातल्या गावांमधल्या बायांनी दिवस भरत आले की इथे येऊन राहायचं. मी तिथली नर्स, वरोऱ्याची. मासी स्वयंपाकीण, मुलचेऱ्याकडच्या बंगाली गावातली. त्यांच्यात मावशीला मासी म्हणतात. बाया माडिया बोलणाऱ्या. मला त्यांच्या बोलण्यातलं अक्षरही कळत नसे. मासी बंगाली, माडिया, मराठी तिन्ही भाषा एकाच कढईत परतायची आणि सगळ्यांना बरोबर समजायचं. मी इंजेक्शनचं महत्त्व सांगू लागले की म्हणायची, "सिस्टर, तू गप बस न थोडी." मी बसायचे. तुम्हीही बसला असता.

एका चैत्रात जैनी नावाची पोर गाठोडं घेऊन उठली. पहिलं बाळ घरीच जन्मून गेलेलं, आता पोटातलं पायाळू. घरी अडली असती तर दोघीही हातच्या गेल्या असत्या. पण मोहाची फुलं पडू लागली होती. नवरा मिरची तोडायला तेलंगणात, सासूचा पाय मोडलेला. फुलं वेचली नाहीत तर वर्षभर खायचं काय? जेवली, तरी पोर थांबेना.

"मी येचतो तुह्ये फुलं," मासी म्हणाली.

मला वाटलं, समजूत काढतेय. दुसऱ्या दिवशी पहाटे ती जावयाच्या मोटारसायकलवर मागे टोपली धरून निघालीसुद्धा.

तिकडे मोहाचं कुठलं झाड कोणाचं, हे अख्ख्या गावाला पाठ असतं. ना कुंपण, ना खूण. मासीने टोपलीभर फुलं वेचली ती नेमकी शेजारणीच्या झाडाखालची! शेजारीण तणतणत आली. मासीने टोपली तिथेच ओतली, कान धरले आणि जैनीची झाडं कोणती ते विचारलं. सगळं ऐकल्यावर शेजारणीने झाडं दाखवली, वर स्वतःही वेचू लागली. असं बारा दिवस चाललं. परत आली की मासी कमरेवर हात ठेवून आमचा भात टाकायची.

जैनी राहिली. बाळ पायाळूच आलं, अडलं, डॉक्टर धावले. माय-लेकी वाचल्या. इंजेक्शनं मी दिली, हे खरं. पण त्यांना वाचवलं कोणी, ते मी जाणते. त्या बाईचे माझ्यावरही उपकारच आहेत.

पुढे जैनीच्या सासूने आपल्या झाडांतलं एक मासीला देऊन टाकलं. गावानेही ते मानलं. दर उन्हाळ्यात त्याची सुकवलेली फुलं मासीकडे पोचायची.

मागच्या पावसाळ्यात मासी वारली. यंदा जैनी आली, एका हाताला लेक, डोक्यावर टोपली.

"मासी नाही आता," मी म्हणाले.

जैनीने टोपली स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी उतरवली.

"मालूम आहे," ती मोडक्या मराठीत म्हणाली. "पन झाड तं तिचंच आहे."