ब्रेकमास्तरांचं दार

गाडी शिकवणाऱ्या माणसाचं आयुष्य शेजारच्या सीटवर जातं. स्टिअरिंग दुसऱ्याच्या हातात आणि आपल्या पायाखाली फक्त एक जादा ब्रेक. ब्रेकमास्तरांनी अशी उभी हयात काढली. त्यांचं खरं नाव ड्रायव्हिंग स्कूलच्या पाटीवर होतं, पण पाटी पुसट झाली तसं नावही मागे पडलं. निम्म्या शहराला त्यांनी गाडी शिकवली होती आणि त्या निम्म्या शहराला त्यांचा उजवा पाय चांगला ओळखीचा होता.

पुढे गुडघ्याने संप पुकारला, डॉक्टरांनी "आता पुरे" म्हटलं आणि मास्तर घरी बसले. म्हणजे पाय सोडून बाकीचे मास्तर बसले. पाय अजून कामावरच होता. मास्तरीणबाई कांदा जरा भरभर चिरू लागल्या की समोर खुर्चीत मास्तरांचा पाय करकचून फरशीवर दाबला जाई. त्या ओट्याकडून फ्रिजकडे वेगात वळल्या की मास्तर म्हणत, "मागचं बघून. आधी आरसा."

"अहो, एकतर तुम्ही दिवसाचे काही तास बाहेर जा, नाहीतर मी जाते," बाई एकदा सुरी खाली ठेवून म्हणाल्या. "मला माझ्याच स्वयंपाकघरात लायसन्स लागतंय."

त्याच आठवड्यात त्या खिडकीच्या गजांसाठी रंग आणायला गेल्या होत्या. रंगाच्या दुकानाच्या माडीवर सजावटीच्या रंगकामाचा वर्ग चाले. भिंतीवर संगमरवर कसा उतरवायचा, साध्या फळीला शिसवी कसं करायचं, नसलेली खिडकी कशी काढायची, असलं सगळं तिथे शिकवत. बाई जिना चढून वर गेल्या.

"कुणासाठी?" वर्गाच्या मॅडमनी विचारलं.

"नवऱ्यासाठी. दोन्ही हात गुंतले पाहिजेत. पाय गुंतला तर फारच उपकार होतील."

मॅडम वयाने मास्तरांच्या मुलीएवढ्या, अंगाने काटकुळ्या आणि कोपरापर्यंत कायम कुठल्या ना कुठल्या दगडाच्या रंगाच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी मास्तरांच्या हातात एक पीस दिलं. पिसाचं टोक करड्या रंगात बुडवून ओल्या पांढऱ्या फळीवर ओढायचं, की संगमरवरातली शीर उमटते. मास्तरांनी ओढली. ती रस्त्यावरच्या पट्ट्यासारखी सरळ आली.

"काका, हात जरा थरथर कापला पाहिजे हो. तुमचा हात कापतच नाही."

"तो कापला असता तर निम्मं शहर विजेच्या खांबावर असतं."

मॅडमनी विचार केला आणि म्हणाल्या, "डोळे मिटा. तुमचा सगळ्यात वाईट विद्यार्थी आठवा. तो आत्ता गाडी चालवतोय."

मास्तरांनी डोळे मिटले. एक वकीलसाहेब होते. ते गिअर बदलताना कायद्याचे मुद्दे मांडायचे आणि मुद्दा पटवायला समोरच्याकडे वळून बघायचे. एकदा त्यांनी मासळीच्या दुकानात युक्तिवाद पूर्ण केला होता. मास्तरांचा हात लटपटला, पीस थरथरत फळीभर गेलं, पाय खाली टेबलाच्या आडव्या दांडीवर दाबला गेला. डोळे उघडून बघतात तर फळीवर अस्सल शीर. मॅडमनी सगळ्या वर्गाला बोलावून दाखवली.

तेव्हापासून मास्तरांच्या संगमरवराला ओळखी चिकटल्या. "ही वकीलसाहेबांची," ते घरी फळी दाखवत सांगत. "ही जाडसर आहे ना, ती आपल्या दातांच्या डॉक्टरीण बाई. उलट्या गिअरमध्ये."

पण वर्ग आठवड्यातून एकदाच. मधले दिवस मास्तर मोकळेच, म्हणजे बाईंचे कांदे पुन्हा धोक्यात. परगावी असलेल्या लेकीने टॅब्लेट पाठवला आणि बापाला एका ऑनलाइन वर्गात घातलं. तिथे शिकवणाऱ्या माणसाचं तोंड कधीच दिसायचं नाही. दिसायचे फक्त दोन हात: दणकट, केसाळ, नखं मात्र नव्या नवरीसारखी. मास्तर त्यांना "हात" असंच म्हणत, आणि आदरार्थी म्हणत. "हात आज लाकडावर बोलले." "हात जरा थकलेले वाटले."

पहिल्याच धड्यात हात म्हणाले की कारागिराचा हात कधीही कापता कामा नये.

मास्तरांची पंचाईत झाली. त्यांनी ही गोष्ट मॅडमच्या कानावर घातली. मॅडम भडकल्या. "सांगा त्यांना, न कापणाऱ्या हाताने फार तर कुंपण रंगवता येतं." मास्तरांनी एका बोटाने टाइप करून निरोप धाडला. लगेच उत्तर आलं: "शाब्बास! असेच विचारत राहा. पुढचा धडा पाहा." मॅडमना हा अपमान वाटला. त्यांनी आणखी कडक निरोप दिला. उत्तर तेच. "माणूस मोठा शांत आहे," मास्तर मनाशी म्हणाले, आणि दोघांचाही मान राखायला डाव्या हाताने कापत व उजव्या हाताने न कापता रंगवायला लागले.

फळ्या संपल्या. मग मास्तरांची नजर घरावर गेली. आधी फ्रिज शिसवी झाला. मग गॅसच्या सिलिंडरला संगमरवर चढला आणि तो कुण्या थोर पुरुषाच्या पुतळ्याखालच्या चौथऱ्यासारखा दिसू लागला. बाईंच्या, पाहुणी म्हणून आलेल्या बहिणीने दूध ठेवायला फ्रिज शोधला आणि शेवटी कपड्यांच्या कपाटात नेऊन ठेवलं. कपाटाला मास्तरांनी स्टीलचा रंग दिला होता.

"मी काही बोलत नाही," मास्तरीणबाई म्हणाल्या. "कांदे शांतपणे चिरले जातायत."

आणि मग दाराचा धडा आला. हात म्हणाले, कोऱ्या भिंतीवर एक अर्धवट उघडं दार काढा. घरात कोरी भिंत एकच होती, पॅसेजची. मास्तर दहाबारा दिवस तिथे स्टुलावर बसून होते. चौकट झाली, बिजागऱ्या झाल्या, पितळी मूठ झाली. मुठीवर बोटांनी झिजल्याची चमकही आली. दार जरासं आत ढकललेलं, आणि फटीतून पलीकडच्या खोलीचा मऊसा अंधार. ज्या दिवशी ते पुरं झालं त्या दिवशी मास्तरांनी त्याच्यासमोर जेवण घेतलं. बाईंनी तिथून जाता जाता नकळत बाजूला होऊन वाट दिली. कुणाला, ते त्यांनाही कळलं नाही.

इमारतीचा सचिव पाण्याची गळती बघायला आला होता. तो दारासमोर थबकला.

"मास्तर, हे कधी पाडलंत?"

"पाडलं नाही, काढलंय. रंग आहे. हात लावून बघा."

सचिवाने हात लावला. बोटाने मूठ खरवडली. कान लावला. "रंग आहे," तो गंभीरपणे म्हणाला. "पण परवानगी?"

"रंगाला?"

"दाराला. नियमात लिहिलंय, सामाईक भिंतीत दार नको. दार कशाचं असावं हे नियमात नाही. उद्या कुणी लाकडाचं केलं तर मी कुठल्या तोंडाने अडवू? तो म्हणेल, मास्तरांचं चालतं."

मास्तरांना हे पटलं, हीच खरी अडचण. सगळं आयुष्य नियम शिकवण्यात गेलेलं; मोकळ्या रस्त्यावरही ते सिग्नलला थांबणारे. त्यांनी मान खाली घातली.

संध्याकाळी शेजारी आला. पॅसेजच्या भिंतीपलीकडे एक निवृत्त कॅशिअर एकटाच राहत असे. मफलर गुंडाळून तो दारात, म्हणजे खऱ्या दारात, उभा राहिला. "मास्तर, सचिवांकडून कळलं. तरीच म्हटलं, मला गार वारा कुठून लागतोय. खांदा धरलाय माझा."

"अहो कॅशिअर, ते चित्र आहे."

"असेल. पण उघडं आहे ना?"

मास्तरांनी वळून दाराकडे पाहिलं. ते उघडंच होतं. त्यांनी रात्र पडण्याआधी ते बंद करायला घेतलं; फटीवर दाराची फळी चढवली, सावली हलवली, कडी रंगवली. चार दिवसांत कॅशिअरचा खांदा सुटला. आणि पाचव्या दिवशी तो पुन्हा आला, या वेळी बिनमफलरचा आणि रागावलेला.

"कडी कुणाच्या बाजूला आहे?"

"आमच्या. दिसतेय ती."

"म्हणजे मी चोर! इतकी वर्षं शेजारी राहिलो, आणि तुम्ही मला बाहेरून कडी घालून झोपता?"

"मग तुमच्या बाजूने काढून देऊ का एक?" मास्तरांनी मनापासून विचारलं.

"माझ्या भिंतीला हात लावाल तर याद राखा."

इमारतीची सभा भरली. एवढी गर्दी पाण्याच्या टाकीच्या प्रश्नालाही कधी झाली नव्हती. मंडळी रांगेने पॅसेजमध्ये येऊन दार बघून गेली, आणि बहुतेकांनी जाताना मूठ फिरवून पाहिली. तज्ज्ञ म्हणून मॅडमना बोलावलं होतं. त्या बराच वेळ बिजागरीजवळ उकिडव्या बसल्या आणि उठून म्हणाल्या, "खालच्या बिजागरीत तेल कमी आहे." मास्तर लाजले. त्यांनी हातांनाही निरोप पाठवून मदत मागितली. सचिवाने उत्तर सभेत मोठ्याने वाचलं: "शाब्बास! असेच विचारत राहा." ही चिथावणी आहे असं तीनचार जणांचं मत पडलं.

ठराव झाला: दार विटांनी बुजवावं.

गवंडी आला. त्याने हातातली थापी दारावर टकटक वाजवली, मागे सरकून बघितलं, मान डोलावली. मास्तरीणबाईंना वाटलं, चला, एक तरी शहाणा माणूस भेटला. गवंडी म्हणाला, "आधी चौकट काढून घ्या बाई. लाकूड चांगलं दिसतंय, तसंच बुजवलं तर वाळवी लागेल."

बाई आत गेल्या आणि उशीत तोंड खुपसून पोट दुखेपर्यंत हसल्या.

शेवटी मास्तरांनीच मार्ग काढला. त्यांनी दारावर विटा रंगवल्या. एकेक वीट वेगळी, एखादी जरा जळलेली, सांध्यातून सिमेंट ओघळलेलं. सचिव बघून गेला आणि समाधानाने म्हणाला, "काम पक्कं झालं. पण उघड्या विटा वाईट दिसतात. वरून गिलावा करून घ्या."

मास्तरांनी गिलावा रंगवला. मग गिलाव्यावर भिंतीचा तोच जुना, जरा पिवळसर पडलेला रंग रंगवला. कोपऱ्यात ओलीचा डाग, खुर्ची घासून उठलेली रेघ, वरती एक केसाएवढी भेग. हे काम फार अवघड गेलं. दार काढायला दहाबारा दिवस लागले होते, ही भिंत महिनाभर चालली. भेगेसाठी त्यांनी एकही विद्यार्थी आठवला नाही. ती आपसूक उतरली.

मॅडम बघायला आल्या तेव्हा पॅसेजमध्ये बघण्यासारखं काहीच नव्हतं. त्या त्या काहीच नसण्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "काका, भिंत कुठे संपते आणि तुमची कुठे सुरू होते?"

"ते मलाही आता सापडत नाही," मास्तर म्हणाले.

पुढच्या आठवड्यात मॅडमनी सगळा वर्ग आणला. डझनभर माणसं साध्या भिंतीसमोर श्वास रोखून उभी होती. कॅशिअरही आला, लांबूनच बघून म्हणाला, "आता बरं झालं. मोकळं वाटतंय," आणि चहाला थांबला. मग तो रोजच थांबू लागला.

मास्तरीणबाई हे सगळं काही दिवस बघत होत्या. मग एका सकाळी त्या हातोडी आणि खिळा घेऊन पॅसेजमध्ये आल्या. स्वयंपाकघरातलं घड्याळ त्यांना तिथे हवं होतं.

"अगं, चित्र आहे ते!" मास्तर धावत आले.

"भिंत आहे, अहो. चित्र असतं तर मी कशाला ठोकला असता?"

आणि त्यांनी ठोकला. मास्तरांनी डोळे गच्च मिटले. उघडले तेव्हा घड्याळ नीट लटकत होतं आणि टिकटिकत होतं. ते जवळ गेले, लांब आले, मान तिरकी केली. राग येईल म्हणून बाई हातोडी घेऊन उभ्याच होत्या.

"जागा चांगली निवडलीस," मास्तर म्हणाले. "फक्त घड्याळाची सावली जरा फिकी पडतेय. तू दिवा लाव, मी ब्रश घेऊन येतो."