अप्पांच्या गळ्यातली रिकामी डबी

मी लातूरच्या एका फार्मसी कॉलेजात शिकवतो. भूत-भानामतीच्या गप्पा निघाल्या की अर्धा चहा टाकून उठणारा माणूस. त्यामुळे हे लिहिताना स्वतःचीच लाज वाटतेय...

माझ्या वडिलांना, अप्पांना, जठराचा कॅन्सर. लिव्हरपर्यंत पोचलेला. बायोप्सीच्या जादा तपासणीत एक खूण (मार्कर) सापडली, म्हणून इम्युनोथेरपी, शरीराच्याच प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढवणारं औषध, सुरू केली. "सगळ्यांना लागू पडत नाही, यांना पडू शकते," डॉक्टर म्हणाले. आमची सगळी आशा दर तीन आठवड्यांनी नांदेडला लागणाऱ्या त्या एका सलाइनवर.

आम्ही लिंगायत. अप्पांच्या गळ्यात चांदीच्या डबीत इष्टलिंग, म्हणजे रोज पूजायचं छोटं शिवलिंग असतं. ते अंगावर नसेल तर अप्पा पाण्याचा घोटही घेत नाहीत, मग औषध कुठलं! हल्ली त्यांचे हात थरथरतात, म्हणून पूजेनंतर डबी आईच गळ्यात घालते.

तिसऱ्या डोसला सकाळी अकराला सलाइन सुरू झालं. अप्पांनी डबी मुठीत धरून डोळे मिटले. तेवढ्यात लातूरहून आईचा फोन.

"मन्मथा, लई घोळ झाला रं... लिंगाला आंघोळ घातली अन् ते देवघरातच ऱ्हायलं. त्यांच्या गळ्यात रिकामी डबी हाय!"

अप्पांना कळलं तर ते सुई उपसून फेकतील, डोस जाईल. मी दाराशी सरकलो आणि कुजबुजलो, "कुणाला बोलू नकोस."

"तसं न्हाई रं. लिंगाला पाणी सुटून ऱ्हायलंय. तीनदा पुसलं. हा बघ, पडला... हा पडला..."

माझी नजर बाटलीखालच्या नळीवर गेली. थेंब पडला — आई म्हणाली, "पडला." पुन्हा थेंब. "पडला."

नर्सने शीर बघायला सलाइन थांबवलं.

"थांबलं बघ आता," आई म्हणाली.

नर्सने पुन्हा सुरू केलं.

"आलं रं परत! पुसू का?"

मी काही बोलायच्या आत पलंगावरून अप्पा डोळे मिटूनच म्हणाले, "तिला सांग, पुसू नको म्हणावं. येऊ दे."

फोन माझ्या कानाला होता. स्पीकर बंद होता.

त्यानंतरच्या स्कॅनमध्ये गाठी लहान झालेल्या दिसल्या. त्या औषधानेच झाल्या, हे मी वर्गात छातीठोकपणे सांगेन. पण थेंबाला थेंब कसा जुळला, ते मला आजही सांगता येत नाही, आणि अप्पांना विचारायची हिंमत होत नाही.

सोमवारी परत स्कॅन आहे. मशीनमध्ये धातू चालत नाही, म्हणून आत जाताना अप्पा डबी काढून माझ्या हातात देतील... खरं सांगतो, मला ती हातात घ्यायची भीती वाटते.