माझ्या नावाखालचं लंडन

अमिरातीतल्या अल ऐन शहरात एका खासगी रुग्णालयात मी रक्तवाहिन्यांची सर्जन म्हणून रुजू झाले, तेव्हा नव्वदचं दशक संपत आलं होतं. थोड्याच दिवसांत लॉबीत माझा बोर्ड लागला. फोटोखाली एकच ओळ: ‘लंडनमध्ये प्रशिक्षित व्हॅस्क्युलर सर्जन’.

लंडनला मी जेमतेम सहा महिने होते. तिथं मला पेशंटला हात लावायचीसुद्धा परवानगी नव्हती. मागे उभं राहून बघायचं, बस्स. तुटलेली रक्तवाहिनी जोडायला मी शिकले ती सोलापूरकडच्या सरकारी रुग्णालयात, मळणीयंत्रात हात गेलेल्या माणसांवर, माझ्या सरांच्या हाताखाली. त्या सगळ्या वर्षांचा बोर्डावर मागमूस नव्हता.

मी मार्केटिंग मॅनेजरला गाठलं. तो पुण्याचाच.

“मॅडम, आपल्याला माहितीये हो, पण इथं जिल्ह्याचं रुग्णालय कोण वाचणार? लंडन चालतं.”

“मी तिथं नुसती बघत होते.”

“ते कोण विचारायला येतंय?”

आला की विचारायला. एका अमिराती म्हातारीच्या पायाला मधुमेहामुळे रक्त पोचेनासं झालं होतं, बोटं काळी पडत चालली होती. तिच्या मुलानं विचारलं, “लंडनमध्ये असे पाय वाचवलेत तुम्ही?”

“नाही. भारतात वाचवलेत.”

“मग खाली भिंतीवर खोटं का लिहिलंय?”

माझे कान तापले. खोटं दुसऱ्यानं लिहिलं आणि खोटारडी ठरले मी! तो आईला दुसरीकडे न्यायला निघाला. म्हातारी मात्र अरबीत “खलास!”, म्हणजे ‘पुरे!’, असं त्याच्यावर डाफरली आणि पाय माझ्यापुढे केला. मी पायातल्या रक्तवाहिनीचा बायपास केला. दोन बोटं गेली, पाय राहिला.

त्यानंतर मी पुन्हा मॅनेजरकडे गेले. “बघा, झालं ना सगळं नीट!” तो हसून म्हणाला. “हवं तर ‘इंडिया अँड यू.के.’ करू.”

“मी जिथं शिकले त्या रुग्णालयाचं नाव लिहा. नाहीतर बोर्ड उतरवा.”

त्यानं बोर्ड उतरवला. नाव लिहिण्यापेक्षा त्याला तेच सोपं वाटलं. मी ती नोकरी सोडेपर्यंत बाकीच्या डॉक्टरांचे फोटो तिथं होते, माझा नव्हता.

सरांना फोनवर हे सांगितलं, तर ते खो खो हसले. “अगं, पाय वाचला ना? मग झालं तर.”

“नाही झालं, सर,” मी म्हणाले. आजही तेच म्हणते.