कॉकपिटमधला वेगळा ग्लास

"इसका गिलास अलग रखना. रूल है."

कॅप्टननं हे एअर होस्टेसला सांगितलं. माझ्याकडे न बघता. विमान छोटं, पंख्यांचं. कॉकपिटमध्ये दोघांचे खांदे एकमेकांना लागतात. खांदे लागलेले त्याला चालत होते. ग्लास नाही. तिनं त्याला काचेचा ग्लास दिला, मला कागदी. मी "थँक्यू" म्हणालो. थँक्यू! आजही ते आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

कारण मला तो खरंच रूल वाटला. दोघा पायलटांनी एकच जेवण जेवायचं नाही, हा रूल आहेच. एकाचं पोट बिघडलं तर दुसऱ्यानं विमान उतरवायचं. मी नवा को-पायलट. अंबरनाथच्या आमच्या वस्तीतून सरकारी स्कॉलरशिपवर उडायला शिकलेला पहिलाच. वाटलं, जेवणाचा आहे तसा ग्लासाचाही असेल. आदल्या दिवशी त्यानं माझ्या छातीवरचं आडनाव वाचलं होतं. मग मूळचा कुठला ते विचारलं होतं, आणि अंबरनाथ म्हटल्यावर, "अंबरनाथला नक्की कुठे?" मी बुद्धविहाराची खूण सांगितली, रिक्षावाल्याला सांगावी तशी. तरी डोक्यात उजेड पडला नाही.

घरी मी हे सगळं कौतुकानं आप्पांना सांगितलं. आप्पा म्हणजे माझे वडील. काड्यापेटीच्या कारखान्यात उभा जन्म घालवून रिटायर झालेले. तेव्हा आम्ही बदलापूरला, खरवईत नव्या फ्लॅटमध्ये राहायला आलो होतो. जेवता जेवता आप्पा थांबले.

"जेवणाचं समजलं. ग्लासाचं काय?"

"रूल आहे, आप्पा."

"दुसऱ्या कॅप्टनबरोबर असतोस तेव्हा?"

दुसऱ्यांबरोबर तर मी एकाच थर्मासमधला चहा पीत होतो. आधी लाज वाटली. मग लाज वाटली याचीच चीड आली. घरात बसवेना. बाइक काढली, जांभूळ गावच्या पाण्याच्या टाक्यांपर्यंत गेलो, परत आलो, पुन्हा गेलो. आई दारात उभी होती. तिला काय सांगू, कळत नव्हतं.

त्याच सुमारास युनियनचं निघालं. कंपनी लहान, विमानं थोडी आणि आम्हाला घाण्याला जुंपल्यासारखं उडवायचे. रोस्टर ऐन वेळी बदलायचं. दमलोय म्हटलं की मॅनेजर म्हणायचा, बाहेर पोरं रांगेत उभी आहेत. डोळे मिटत असताना विमान उतरवणं काय असतं ते आम्हाला ठाऊक. युनियन हवीच होती. पण पुढाकार कुणाचा? त्याच कॅप्टनचा. "तुम्ही को-पायलट आलात तरच जमेल. पोरं तुझं ऐकतात," मला म्हणाला.

मॅनेजरला वास लागला. केबिनमध्ये बोलावून त्यानं दार लावून घेतलं.

"देख, ये लोग तेरे साथ पानी तक नहीं पीते. मुझे सब पता है. तू लड़कों को रोक ले. अगला कैप्टन तू."

सब पता है! म्हणजे इतके दिवस हा गंमत बघत होता. आज कामाला आलं म्हणून बाहेर काढलं. एकाला माझा हात हवा होता, दुसऱ्याला माझा अपमान. आणि खोटं कशाला बोलू, कॅप्टनपदाच्या खांद्यावरच्या चार पट्ट्या माझ्याही डोळ्यांसमोर नाचल्या. "सोच के बताता हूँ," म्हणून बाहेर पडलो. पुढचे कितीतरी दिवस कुणालाच उत्तर दिलं नाही.

शेवटी आप्पांना विचारलं.

"आमच्या युनियननं पगारवाढ दिली. बोनस दिला," आप्पा म्हणाले. "पण पाण्याचे माठ दोनच राहिले. एक त्यांचा, एक आपला. पुढारी म्हणायचे, आधी संप जिंकू, मग माठाचं बघू. मग कोण बघतंय? तू युनियनमध्ये जा. पण माठाचं आधी बोल."

बैठक आमच्याच घरी ठरली. अंधेरीत, एअरपोर्टजवळ, कंपनीची माणसं दिसायची. "बदलापूरला कोण येतंय बघायला," ही कॅप्टनचीच कल्पना. रविवारी दुपारी हॉलमध्ये सतरंजीवर सगळे पायलट बसले. आईनं स्टीलच्या ग्लासांत पाणी आणलं. सगळे प्यायले. कॅप्टननं बॅगेतून स्वतःची बाटली काढली.

"बाहेरचं पाणी सोसत नाही हो मला."

आई कसंनुसं हसली आणि ग्लास परत न्यायला निघाली. ते हसू मला बघवलं नाही. मी तिच्या हातातून ग्लास घेतला आणि त्याच्यासमोर ठेवला.

"सर, हा कोणता रूल?"

"अरे, आज हा विषय आहे का?"

"आजच आहे."

मग सगळं बोललो. आडनाव, कागदी ग्लास, सगळं. म्हणालो, युनियन मला हवी आहे. पण पहिली मागणी कंपनीकडे नाही, आपल्याकडे. शिवाशीव पाळणारा माणूस युनियनमध्ये राहणार नाही.

"फूट पाडतोयस तू," कॅप्टन ओरडला. "मॅनेजमेंटचा माणूस आहेस काय?"

तेव्हा मॅनेजरनं काय देऊ केलं तेही सांगून टाकलं, शब्दाला शब्द. कुणी सतरंजीचे दोरे ओढत बसलं. अर्ध्यांना ग्लासाचं आधीपासून माहीत होतं, त्यांच्या खाली गेलेल्या मानाच सांगत होत्या. मग माझ्या मागणीच्या बाजूनं को-पायलट पोरांचे हात वर आले. मागून दोन कॅप्टनांचे. सगळ्यांचे नाही. कॅप्टन पाण्याला हात न लावता बूट घालून निघून गेला.

सोमवारी मॅनेजरला जाऊन नाही म्हणालो. "पछताएगा," तो म्हणाला. म्हणू दे.

युनियनच्या अध्यक्षपदाला तोवर एकच नाव होतं, कॅप्टनचं. त्याच दिवशी मी त्याच्याविरुद्ध माझं नाव दिलं. हरलो तर पुढच्या वेळी पुन्हा उभा राहीन. नोकरी गेली तर बाहेरून लढेन. पण युनियन त्याच्या हातात सोडून मी कुठेही जाणार नाही.