टाकीतल्या बैलाचा पोळा

भर पोळ्याच्या दिवशी, अख्ख्या गावासमोर, मी त्या गावच्या पुढच्या वर्षीच्या वासरांचा निकाल लावला. वर हसत हसत फोटोही काढून घेतला.

गोंदियाजवळच्या गोरेगाव तालुक्यातल्या एका जनावरांच्या दवाखान्यात मी नवी डॉक्टर होते. हातात पदवी, पायात उंच टाचांच्या चपला. गोठ्यात उंच टाचा! असो. गावचा वळू मरून गेला होता आणि गाई भरवण्याचं काम आमच्या टाकीवर आलं होतं. ही टाकी म्हणजे दुधाच्या कॅनसारखं भांडं. आत द्रव नायट्रोजन, उणे एकशे शहाण्णव डिग्री. त्यात लांब दांड्याचे डबे बुडवलेले, आणि डब्यांत वळूच्या वीर्याच्या कांड्या, पेनच्या रिफिलसारख्या बारीक. त्या थंडीत कांडी वर्षानुवर्षं टिकते. वापरताना एकच काढायची, कोमट पाण्यात अर्धा मिनिट धरायची आणि लगेच गाईला द्यायची. बाहेर वितळून पुन्हा गोठली की आतलं सगळं मरतं. हे मला तोंडपाठ होतं. परीक्षेत लिहून मार्कही मिळवले होते.

तोरणाखाली बैल उभे राहिले तेव्हा सरपंच म्हणाले, "मॅडम, गावचा खरा बैल त आता तुमच्या टाकीत हाये. तेलेबी आना ना पूजेले."

झालं! मी टाकी पारावर आणवली. तिला कुंकू लागलं, हार पडला. तेवढ्यात मागून कोणी ओरडलं, "पन बैल दाखवा त खरं!"

मी झाकण काढलं, गाईंच्या कांड्यांचा डबा पुरता वर उचलला आणि गोल फिरून सगळ्यांना दर्शन दिलं. पांढरा धूर निघाला. बायकांनी हात जोडले. फोटोवाला म्हणाला, "मॅडम, थोडा और ऊपर." मी और ऊपर धरला. भर उन्हात. आजचा जमाना असता तर रील केलं असतं.

मग डबा परत टाकीत गेला. कांड्या पुन्हा गोठल्या. मेलेली कांडी आणि जिवंत कांडी दिसायला अगदी सारखी, तिथेच सगळा घोळ.

पुढच्या महिन्यापासून गाई उलटायला लागल्या. म्हणजे गाभण न राहता तीन आठवड्यांनी पुन्हा माजावर यायच्या. सरजाबाईची गाय दोनदा उलटली. तिची एकच गाय. दुधावर सुनेची चहाची टपरी चालायची.

"माज कधी दिसला?" मी दरडावलं.

"सकारी हंबरून राहिली होती."

"मग दुपारीच कशाला बोलावलं? संध्याकाळी बोलवायचं!"

"मागच्या बारीले संध्याकारी बोलावलं त तुमी म्हनलं उशीर झाला."

"चारा काय घालता?"

"तनीस."

"नुसती तणस? भाताच्या पेंढ्यावर कशी राहील गाभण!"

"तनीसच खाऊन चार वासरं देल्ली तिनं," सरजाबाई म्हणाली. "आता पोरगा म्हनते, भाकड गाय कायले पोसाची? दिवाळी झाली का बाजारात नेतो."

मी वैतागले. तिच्यावर, गाईवर, तणशीवर. म्हशी मात्र पहिल्या फटक्यात गाभण राहत होत्या. त्यांच्या कांड्या दुसऱ्या डब्यात, ही साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही. मी निष्कर्ष काढला की म्हशीवाले हुशार आणि गाईवाले आळशी! हे मी लोकांना बोलूनही दाखवलं.

शेवटी गोंदियाला साहेबांना फोन लावला. "सर, कांड्याच खराब आल्यात. वळू उन्हात तापला की वीर्याची प्रत घसरते. कांड्या बनतात तिकडे वळू उन्हात बांधला असणार."

साहेब मायक्रोस्कोप घेऊन आले. म्हशीच्या कांडीतला थेंब काचेखाली ठेवला. सगळीकडे शेपट्यांची धावपळ. गाईच्या कांडीतला ठेवला. स्मशान.

"नायट्रोजन कमी झाला होता?"

"कधीच नाही, सर. रोज पट्टी बुडवून मोजते."

"डबा वर काढला होता?"

"टाकीच्या मानेच्या वर? कधीच नाही!"

साहेब माझ्या डोक्यावरून भिंतीकडे बघत होते. तिथे मी स्वतः खिळा ठोकून टांगलेली फ्रेम होती. मी, हार घातलेली टाकी, हवेत डबा आणि सगळे दात.

"डॉक्टर," ते म्हणाले, "वळू उन्हात होता हे तुमचं बरोबर आहे."

त्या डब्यातल्या सगळ्या कांड्या फेकल्या, नव्या आल्या. मी सपाट चपला घालून सरजाबाईकडे गेले आणि खरं काय ते सांगितलं. तिच्या पोराला म्हटलं, एक माज थांब. तो तोंड फिरवून "हव, थांबतो" म्हणाला. सरजाबाई पायली भरून कोंडा गाईपुढे ओतत राहिली.

यावेळी गाय उलटली नाही. संक्रांतीनंतर मी हात घालून तपासलं. गाभण होती. टाकी ही दाखवायची वस्तू नाही, एवढं शिकायला मला एका गावाच्या गाई लागल्या. ती फ्रेम मी काढली नाही, निवृत्त होईपर्यंत टाकीच्या वरच टांगलेली होती.

गोठ्यात हात धुताना मी म्हटलं, "सरजाबाई, आता तरी काही बोला."

तिनं माझ्या हातावर पाणी ओतलं आणि म्हणाली, "मॅडम, पोळ्याले आमी बैल पुजतो. मारून नाई टाकत."